सलोख्याचं इतिवृत्त



निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘सर्वधर्मीय संवाद आणि शांतता’ असा छापला आहे. विषय व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी सुचवला, मी फोनवर ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवल्यावर मला घाम फुटला. एका जिल्हा दैनिकात मी बत्तीस वर्षं बातमीदारी केली. या विषयावरची इतकी भाषणं टिपून घेतली की कुठल्या वाक्याला टाळी पडणार हे मला आधीच कळतं. एक शास्त्रीबुवा, एक मौलाना, एक फादर, एक भंतेजी ओळीने बसतात. समई लागते. सगळे धर्म एकच गोष्ट शिकवतात असं प्रत्येक जण आपापल्या भाषेत सांगतो. मग हात हातात घेऊन फोटो निघतो आणि आम्ही पत्रकार तो तिसऱ्या पानावर तीन कॉलमांत लावतो.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत ते आपले सर अशा कार्यक्रमातून हळूच उठून जात. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, “पंगतीत बसून आमटीची तारीफ करणारे पुष्कळ असतात रे. मागे भांडी घासायला कोण बसलंय ते बघ.” तेव्हा आज मी भांडी घासण्याबद्दल बोलणार आहे. देवाधर्माबद्दल ऐकायला आलेल्यांची थोडी निराशा होईल, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

सुरुवात एका जुन्या वर्षापासून करतो. ३१ मे १८९३ला स्वामी विवेकानंद मुंबई बंदरातून बोटीने निघाले आणि ११ सप्टेंबरला शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत बोलले. हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. या दोन तारखांच्या मधली तारीख मात्र आपल्या ध्यानात नसते. ११ ऑगस्ट १८९३, वार शुक्रवार. काठेवाडातल्या प्रभासपाटणला मोहरममध्ये दंगा झाला होता, त्याच्या खऱ्याखोट्या बातम्या मुंबईत येऊन पोचल्या होत्या. त्या दिवशी जुम्म्याच्या नमाजानंतर जामा मशिदीच्या आसपास ठिणगी पडली आणि शहर पेटलं. लष्कर रस्त्यावर आणावं लागलं. बरोबर एक महिन्याने शिकागोत धर्मांनी एकमेकांचं स्वागत केलं.

शिकागोची परिषद फुकट गेली असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण ज्या बंदरातून बोट सुटली त्या बंदरावरच्या हमालांपर्यंत, तिथल्या चाळींपर्यंत ती परिषद पोचण्याची काही वाटच नव्हती. ही वाट कुणी बांधायची, कशाने बांधायची, एवढाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय. आणि त्यासाठी मी तुम्हाला भिवंडीला नेणार आहे.

भिवंडी म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी आठवतात, माग आणि दंगल. मागांचं आधी सांगतो. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या गाळ्यांतून साच्यांचा, म्हणजे मागांचा, खडखडाट सुरू असतो. नवखा माणूस ओरडून बोलतो, तिथला माणूस ओठांकडे बघून समजून घेतो. उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, जुने कोकणी मुसलमान, आगरी, मराठा, तेलंगणातून आलेले पद्मशाली, सुताच्या पेढीवरचे गुजराती-मारवाडी व्यापारी. सूत एकाचं, साचा दुसऱ्याचा, हात तिसऱ्याचे. कापडाच्या एका ताग्यात चार जातीधर्मांचा घाम असतो, असं तिथे कुणीही सांगेल. आपली भाषणं इथवर येऊन थांबतात: बघा, माणसं एकमेकांवर अवलंबून आहेत, मग भांडण कशाला?

पण ७ मे १९७०ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत याच भिवंडीत दंगल उसळली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने एकट्या भिवंडीत ७८ बळी मोजले. आग पुढे जळगावपर्यंत गेली. चौदा वर्षांनी, १९८४च्या मे महिन्यात, पुन्हा तेच. त्या खेपेला भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून अडीचशेहून जास्त माणसं मेली. दोन्ही वेळा साचे होते, उधारीचं सूत होतं, चार जातीधर्मांचा घामही होता. एकत्र धंदा करणं म्हणजे एकत्र राहणं नव्हे, हा भिवंडीने दिलेला पहिला धडा. धंद्यात माणूस समोरच्याचा भाव ओळखतो. त्याच्या मनातली भीती त्याला ठाऊक असतेच असं नाही.

१९८८मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी केलेला प्रयोग पुष्कळांना नावाने माहीत आहे: मोहल्ला कमिटी. नाव ऐकून वाटतं, यात काय नवं? शांतता समित्या तर इंग्रजांच्या काळापासून आहेत. नवं काय होतं ते सांगतो, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

शांतता समिती मी आयुष्यात शंभरदा तरी पाहिली. सणाच्या चार दिवस आधी पोलीस ठाण्यातून निरोप जातो. येणारी माणसं ठरलेली: आजी नगराध्यक्ष, माजी नगराध्यक्ष, मंडळाचे तहहयात अध्यक्ष, मशिदीचे ट्रस्टी, दोन डॉक्टर, एक वकील. साहेब म्हणतात, सण शांततेत पार पाडा. सगळे म्हणतात, आमच्या गावाला परंपराच आहे. समोसा आणि अर्धा कप चहा. बैठक संपली की पुढच्या सणापर्यंत कुणी कुणाचं तोंड बघत नाही. यातला एकही माणूस दंगलीत दगड मारत नाही, आणि दगड मारणाऱ्या पोराला अडवण्याइतकी त्याची त्या पोराशी ओळखही नसते.

भिवंडीत शहराचे मोहल्ल्यांप्रमाणे भाग पाडले गेले आणि सुमारे सत्तर कमिट्या उभ्या राहिल्या. त्यांत मागवाले, कामगार, भाजीवाले, रिक्षावाले, खानावळवाले, घरकाम करणाऱ्या बायका घेतल्या. दोन्ही समाजांचे लोक शक्यतो सारखे. बैठक बोलवायची जबाबदारी बड्या साहेबाऐवजी त्या बीटच्या साध्या पोलिसावर टाकली. आणि बैठक सण असो-नसो, नेमाने व्हायची. बोलायचं कशावर? धर्मावर नाही. नळाला पाणी येत नाही, गल्लीत टेम्पो आडवा लावतात, शेजारचा पिऊन बायकोला मारतो, रात्रपाळीच्या पोरांना पोलीस विनाकारण हटकतात.

असल्या एका बैठकीचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. भिवंडीची नव्हे, तिचं बघून आमच्या भागातल्या एका तालुक्याच्या गावात सुरू झालेल्या कमिटीची. चौकीच्या मागे पत्र्याची शेड, खुर्च्या बारा आणि माणसं तीसेक, उरलेली सतरंजीवर. जमादार कुलकर्ण्याच्या दुकानातून आणलेल्या शंभर पानी वहीत हजेरी घेत होते. गटार तुंबलं होतं आणि आठ दिवस घाण रस्त्यावर वाहत होती. मंडळाचा एक पोरगा म्हणाला, बकरी ईदची आतडी टाकल्यामुळे तुंबलं. समोरून एक म्हातारे चाचा उसळले, “और तुम्हारा थर्माकोल किधर जाता है?” आवाज चढले. मला वाटलं, बातमी मिळाली! जमादार शांतपणे म्हणाले, “उद्या सकाळी सातला दोघंही गटारावर या. झाकण उघडू.” दुसऱ्या दिवशी मीही गेलो. झाकण उघडलं. थर्माकोल निघालं, आतडीही निघाली, आणि सगळ्यांत जास्त निघाली ती एका बांधकामाची खडी आणि सिमेंटच्या गोण्या. नगरपालिकेला पत्र लिहायचं ठरलं. चौदा सह्या, त्यात सात उर्दूत. पत्राखाली त्या पोराच्या आणि चाचांच्या दुकानांचे फोन नंबर घातले, कारण उत्तर आलं तर कळवायला कुणाचा तरी नंबर हवा.

नगरपालिकेचं उत्तर आलं नाही. पण वर्षभराने एका रात्री गावात अफवा उठली की अमुक देवळात तमुक टाकलंय. आज तपशील सांगण्यात अर्थ नाही; अफवा सगळ्या सारख्याच असतात. रात्री साडेअकराला त्या मंडळाच्या पोराने त्या चाचांच्या दुकानाचा नंबर फिरवला. दुकानाच्या वरच राहत होते ते. दोघं देवळापाशी गेले, बॅटरी मारून बघितलं, काही नव्हतं. तिथे जमलेल्या पन्नास-साठ जणांना दोघांनी एकत्र उभं राहून सांगितलं, घरी जा. गेले लोक. दुसऱ्या दिवशीच्या आमच्या अंकात याची एक ओळही नव्हती, कारण काहीच घडलं नव्हतं. न घडलेल्या गोष्टीची बातमी कशी लिहायची हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. मुंबईच्या दंगलीत काय झालं ते श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे: ९०० मृत्यू, त्यांतले ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीचे इतर आणि ओळख न पटलेले. भिवंडी मुंबईपासून गाडीने तासा-दीड तासावर. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की आता भिवंडी पेटणार. ती पेटली नाही. तोवर खोपडे यांची बदली झाली होती, गुलाबराव पोळ तिथे उपायुक्त होते आणि त्यांनी कमिट्या मोडू दिल्या नाहीत. पुढे खोपडे यांनी पुस्तकच लिहिलं, ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनीही २००२च्या आपल्या ग्रंथात भिवंडीची दखल घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की खेड्यात रोजची रामराम-सलाम पुरते. शहरात तेवढ्याने भागत नाही, तिथे दोन्ही समाजांची मिळून बांधलेली संस्था लागते. मला हे पटतं. फक्त ‘संस्था’ या शब्दाने आपल्याला इमारत आणि घटना आठवते. मला शंभर पानी वही आठवते.

मुंबईनेही पोळल्यावर हा धडा घेतला. दंगलीनंतर ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी अशा मंडळींनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, गल्लीतली पोरं आणि पोलीस यांचे क्रिकेटचे सामने लावले. क्रिकेटने धर्म जवळ येतात का, असं कुणी छद्मीपणे विचारेल. धर्म येत नसतील. पण ज्या हवालदाराच्या गोलंदाजीवर आपण षटकार मारलाय, त्याला दगड मारताना हात जरा अडखळतो.

संवादात भांडायची मुभा हवी, हेही सांगायला हवं. आपल्या मराठीत चारशेहून अधिक वर्षांपूर्वी संत एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला. त्यात गोडगोड काही नाही. दोघं एकमेकांच्या देवाची, आचारांची यथेच्छ टर उडवतात, आणि सगळं बोलून झाल्यावर गळाभेट होते. आपल्या परिषदांमध्ये मिठी पहिल्या मिनिटाला पडते, त्यामुळे भांडण सभागृहाबाहेर पडून गल्लीत जातं. चाचा आणि तो पोरगा आधी एकमेकांवर ओरडले म्हणून सकाळी झाकण उघडलं गेलं.

इथे एका स्मरणापाशी थांबतो. १ जुलै १९४६, अहमदाबादची रथयात्रा, शहरात दंगल. वसंतराव हेगिष्टे आणि रजबअली लाखाणी हे काँग्रेस सेवादलाचे दोन मित्र जमालपूरच्या बाजूला जमाव शांत करायला गेले आणि दोघेही तिथेच मारले गेले. वसंतराव अहमदाबादच्या मराठी घरातले. आपण त्यांना वंदन करतो, तिथे त्यांचं स्मारकही आहे. पण मला एक टोचणी लागून राहते. आपण हुतात्म्यांची आठवण ठेवतो, आणि ज्यांनी कंटाळवाण्या बैठका घेऊन हुतात्मा व्हायची वेळच येऊ दिली नाही त्यांची नावंही आपल्याला ठाऊक नसतात. त्या जमादारांचं नाव आज मलाही आठवत नाही, आणि मी बातमीदार होतो.

आता उणी बाजू. तिच्यावरून घाईने जाता येणार नाही, कारण मी तुम्हाला काही जादूची कांडी विकायला आलेलो नाही.

पहिली गोष्ट, माणूस बदलला की वही बंद पडते. जुलै २००६मध्ये याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून, जागा कब्रस्तानची की सरकारची या वादातून, हिंसा झाली. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले आणि जमावाने दोन पोलिसांना ठार केलं. लक्षात घ्या, हा हिंदू-मुसलमान दंगा नव्हता. तुटला होता तो लोक आणि पोलीस यांच्यातला धागा, कमिटीने विणलेला नेमका तोच. साहेबाच्या उत्साहावर चालणारी गोष्ट साहेबाच्या बदलीबरोबर जाते. ती नियमात, वार्षिक कामाच्या यादीत यायला हवी.

दुसरी गोष्ट, समाजाच्या नावाने खुर्चीवर बसतं कोण? हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ २२ मार्च १९७०ला पुण्यात स्थापन केलं. भिवंडीची दंगल त्यानंतर सात आठवड्यांच्या आत झाली. त्याआधी, १९६६मध्ये, तोंडी तलाकविरुद्ध सात मुसलमान बायकांचा मोर्चा त्यांनी सचिवालयावर नेला होता. त्या सात जणींना कुठल्या शांतता समितीत खुर्ची मिळाली असती? मौलाना आणि महाराज यांचं एकमत होणं फार सोपं असतं, विशेषतः बायकांनी गप्प बसावं या मुद्द्यावर. असल्या एकमताला मी सलोखा म्हणणार नाही.

आणि तिसरी, सगळ्यांत अवघड. न्याय झालाच नाही तर बोलायचं कशाच्या बळावर? १९७०च्या दंगलीचा तपास करणाऱ्या पोलिसांनी धर्म बघून पक्षपात केला, असं मादन आयोगाने लिहून ठेवलं. श्रीकृष्ण आयोग १९९६मध्ये सरकारने मध्येच गुंडाळला, मग काही महिन्यांनी पुन्हा सुरू केला. १९९८मध्ये अहवाल आला आणि त्यात ठपका ठेवलेल्यांपैकी बहुतेक जण सुखाने निवृत्त झाले. ज्याचं घर जळलं त्याला आपण ‘झालं गेलं विसरा’ म्हणून बैठकीला बोलावतो. तो येतो, सतरंजीवर बसतो, चहा पितो. त्याच्या चहाच्या घोटामागे काय आहे ते विचारायची हिंमत आपल्या वहीत नसते. मोहल्ला कमिटी गटाराचं झाकण उघडू शकते, न्यायालयाचं काम करू शकत नाही, आणि तिने ते केल्याचा आवही आणू नये.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो पंचांगाचा आहे. आपल्याकडे तणाव बहुतेकदा मिरवणुकांवरून होतो, आणि मिरवणुकांच्या तारखा काही आभाळातून अचानक पडत नाहीत. आपलं चांद्र वर्ष दर तीनेक वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवून घेतं. इस्लामी वर्षात अधिक महिना नाही, म्हणून ते दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं. परिणाम असा की प्रत्येक जोडीची गाठ साधारण तेहतीस वर्षांनी पडते आणि दोन-तीन वर्षं टिकते. गणपती आणि मोहरम २०१८, २०१९, २०२० असे लागोपाठ तीन वर्षं एकत्र आले; त्याआधी १९८५च्या सुमारास आले होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला मशिदींमध्ये गणपती बसतात, तेव्हा अशा वर्षी पीर आणि गणपती एकाच छताखाली असतात. ही कुठल्या परिषदेने दिलेली शिकवण नाही. गावाने आपापसांत लावलेली सोय आहे.

मग ईद-ए-मिलादची पाळी आली. २०२३मध्ये ती आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी बैठक घेतली आणि जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं; सरकारने २९ तारखेला सुट्टी दिली. २०२४मध्ये पुन्हा दोन्ही सण लागून आले, तेव्हा मुंबईतली मिलादची सुट्टी १६वरून १८ सप्टेंबरला नेली. २०२५मध्येही ५ सप्टेंबरची सुट्टी ८ला गेली. तीन वर्षं, तीन वेळा, न ओरडता. माझ्या दृष्टीने आपल्या राज्यातला अलीकडचा सगळ्यांत मोठा सर्वधर्मीय संवाद हाच, आणि तो झाला एका तारखेबद्दल. मात्र तिन्ही खेपांना मागे सरकली एकच बाजू, हेही वहीत लिहून ठेवायला हवं. पुढे कधी आपल्या मिरवणुकीने अर्धा तास थांबायची वेळ येईल, तेव्हा ते पान उघडायचं.

वेळ संपत आली, कार्यवाह घड्याळाकडे बघताहेत. बाहेर दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात अभिप्राय लिहू नका. आपल्या वॉर्डातला तुंबलेला नाला, न येणारं पाणी, बंद पडलेला दिवा, जो काही असेल तो लिहा, खाली नाव आणि फोन नंबर घाला. मशिदीच्या ट्रस्टींशी, बुद्धविहारातल्या मंडळींशी, चर्चच्या फादरांशी आणि मंडळांच्या पोरांशी मी बोलून ठेवलंय. बायकांनी यावं म्हणून वेळही त्यांनाच विचारून ठरवली आहे. पहिली बैठक पुढच्या गुरुवारी दुपारी साडेतीनला, याच शाळेत, सहावी ‘ब’च्या वर्गात. बाकं लहान आहेत, जरा अवघडून बसावं लागेल.